जुन्या लॅपटॉपचा वेग आणि स्मृतीतील डिस्क-कॅशे : एक चिकित्सा

प्रास्ताविक

जुना लॅपटॉप संथ झाला की त्यावर जे उपाय सुचविले जातात, त्यांपैकी एक उपाय गेली तीस-पस्तीस वर्षे नवनव्या नावांनी पुढे येत राहिला आहे. मुख्य स्मृतीचा, म्हणजे रॅमचा, काही भाग वेगळा काढावा, हार्ड डिस्कवरील वारंवार लागणारी माहिती त्यात ठेवावी आणि डिस्ककडे जाण्याचे हेलपाटे वाचवावेत, असे या उपायाचे स्वरूप आहे. एमएस-डॉसच्या काळातील स्मार्टड्राइव्ह, सॅमसंगचे रॅपिड, रोमेक्स कंपनीचे प्रायमोकॅशे ही या एकाच कुळातील नावे होत. विंडोज व्हिस्टाबरोबर आलेले रेडीबूस्टही याच कुळातले. तेथे रॅमऐवजी पेन ड्राइव्हमधील फ्लॅश स्मृती वापरली जाते, एवढाच फरक.

हा विषय आज पुन्हा विचारात घेण्यास एक निमित्त आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित साहाय्य थांबविले. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि तुलनेने अलीकडचा प्रोसेसर आवश्यक असल्याने, चालू स्थितीतील कितीतरी लॅपटॉप महाविद्यालयांच्या डेड स्टॉक रजिस्टरमधून निर्लेखनाच्या यादीत जाण्याची शक्यता आहे. अशा वेळी एखाद्या छोट्या सॉफ्टवेअरने जुने यंत्र नव्यासारखे चालेल, हे आश्वासन मोहात पाडणारे ठरते. ते पूर्णतः खोटे नाही, आणि म्हणूनच त्याची चिकित्सा करणे आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : डिस्कवरून वाचण्याच्या बाबतीत हा उपाय जे देऊ करतो, त्यातील बहुतांश भाग ऑपरेटिंग सिस्टिम आधीपासूनच करीत असते. या सॉफ्टवेअरमुळे जो ठळक फरक जाणवतो, तो प्रामुख्याने लिहिण्याच्या बाबतीत असतो आणि तो ‘जतन करणे’ या क्रियेचा अर्थ बदलून मिळविलेला असतो. तेव्हा त्याची परीक्षा केवळ वेगाच्या कसोटीवर करणे अपुरे आहे.

अंतर आणि त्याचे गणित

‘कॅशे’ हा शब्द ‘लपविणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आला आहे. मराठी उच्चारात तो ‘कॅश’ होतो आणि रोकडीशी त्याचा घोटाळा होतो. हा घोटाळा अगदीच निरर्थक आहे असे मात्र म्हणता येत नाही. तिजोरीतील रकमेपैकी दिवसभराच्या व्यवहारापुरती रक्कम दुकानदार गल्ल्यात ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये अशा लहान व वेगवान स्मृतीची कल्पना ‘दास स्मृती’ या नावाने मांडली होती. आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ या १९६८ मधील यंत्रात ती व्यापारी स्वरूपात अवतरली. ती योजना प्रोसेसर आणि मुख्य स्मृती यांच्यामधील होती. आपला विषय त्याच्या एक पायरी खालचा, मुख्य स्मृती आणि डिस्क यांच्यामधील आहे.

या दोहोंतील अंतर किती आहे, हे आकड्यांत पाहणे उचित ठरेल. जुन्या लॅपटॉपमधील हार्ड डिस्क सामान्यतः मिनिटाला ५४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात आणि हवी ती जागा शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जातात. शीर्ष योग्य मार्गिकेवर सरकण्यास आणखी बारा मिलिसेकंद धरल्यास एका विखुरलेल्या वाचनास सतरा-अठरा मिलिसेकंद होतात. सेकंदाला अशी वाचने साठच्या पलीकडे होत नाहीत. रॅममधील वाचनास मात्र सुमारे १०० नॅनोसेकंद पुरतात. हे अंतर पावणेदोन लाख पटीच्या घरात जाते. प्रोसेसर बदलून, रजिस्ट्री ‘स्वच्छ’ करून किंवा भित्तिचित्र काढून टाकून हे अंतर कमी होणारे नाही, ही गोष्ट कॅशेच्या पुरस्कर्त्यांनी अचूक ओळखलेली आहे.

परंतु याच गणिताचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. समजा, १,००० वाचनांपैकी ९०० कॅशेतून भागली. उरलेल्या १०० वाचनांना प्रत्येकी १७ मिलिसेकंद, म्हणजे एकूण १.७ सेकंद लागतील. ९९० वाचने भागली तर हा वेळ ०.१७ सेकंदांवर येतो. आणि ९९० ऐवजी ९८० भागली तर? यशाचे प्रमाण अवघ्या एका टक्क्याने घटले, पण वेळ दुप्पट झाला. कॅशेचे सारे यश या शेवटच्या एक-दोन टक्क्यांवर अवलंबून असते, आणि हेच टक्के जुन्या, कमी रॅमच्या यंत्रात सर्वप्रथम हातचे जातात.

त्याचे कारण असे. २ जीबी रॅमच्या यंत्रात कॅशेसाठी ५१२ एमबी बाजूला काढले, तर ब्राउझर व वर्ड यांना उरलेल्या जागेत दाटीवाटीने राहावे लागते. न मावणारी पाने ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कवरील पेजफाईलमध्ये टाकते आणि लागतील तेव्हा पुन्हा उचलते. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये ‘कार्यसंच’ ही संकल्पना मांडून दाखविले होते की, प्रत्येक प्रोग्रामला एका कालखंडात काही ठरावीक पाने हाताशी लागतात. ती पुरविली नाहीत तर यंत्र काम करण्याऐवजी पानांची ने-आण करण्यातच गुंतून पडते. डिस्कचे हेलपाटे वाचविण्यासाठी उभारलेली कॅशे अशा स्थितीत डिस्कचे हेलपाटे वाढविते. रॅम कमी म्हणून लॅपटॉप संथ, आणि संथ म्हणून रॅम कॅशेला द्यावयाची, हा तर्क स्वतःलाच छेद देणारा आहे.

रिकामी स्मृती : एक गैरसमज

या सॉफ्टवेअरच्या जाहिरातींत एक वाक्य वेगवेगळ्या रूपांत भेटते : तुमची रॅम रिकामी पडून आहे, तिला कामाला लावा. या विधानातील गृहीतकच तपासण्याजोगे आहे. विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणाली प्रोग्रामांना न लागणारी स्मृती डिस्कवरील अलीकडे वाचलेल्या फाइलींसाठी आपण होऊन वापरतात. एकदा उघडून बंद केलेली फाईल दुसऱ्यांदा चटकन उघडते, ती यामुळेच. विंडोजमध्ये अशी पाने ‘स्टँडबाय’ या यादीत राहतात आणि एखाद्या प्रोग्रामला जागा लागताच ती विनाविलंब त्याला दिली जातात. ती एकाच वेळी भरलेलीही असतात आणि उपलब्धही. लिनक्समध्ये २०१४ च्या ३.१४ आवृत्तीपासून ‘मोकळी’ आणि ‘उपलब्ध’ स्मृती असे दोन वेगळे आकडे कर्नलकडून मिळू लागले, त्यामागे हाच भेद आहे.

या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने दोन परस्परविरुद्ध उपाय एकाच बाजारात सुखाने नांदताना दिसतात. एक सॉफ्टवेअर रॅम ‘मोकळी’ करून देते, म्हणजे प्रणालीने साठविलेली उपयुक्त पाने हुसकून लावते. दुसरे मोकळी रॅम ‘भरून’ देते, म्हणजे प्रणाली जे करीत होती तेच वेगळ्या नावाने करते. दोन्ही एकाच लॅपटॉपवर बसविलेली आढळावीत, याचे नवल वाटू नये.

येथे एका जुन्या प्रकरणाचे स्मरण करणे अप्रस्तुत होणार नाही. १९९५ मध्ये सिंक्रोनिस या अमेरिकन कंपनीने ‘सॉफ्टरॅम ९५’ हे सॉफ्टवेअर बाजारात आणले. रॅममधील माहिती संकुचित करून तिची क्षमता दुप्पट होते, असा त्याचा दावा होता आणि त्याच्या प्रती लाखांनी खपल्या. तज्ज्ञांनी ते उलगडून पाहिले तेव्हा विंडोज ९५ मध्ये ते असे काहीच करीत नसल्याचे निष्पन्न झाले. कंपनीला ते परत घ्यावे लागले आणि १९९६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही या दाव्यांवर कारवाई केली. गंमत अशी की, ज्या संकोचनाचा खोटा दावा सॉफ्टरॅमने केला, ते पुढे खरोखर साध्य झाले : लिनक्समध्ये झेडरॅम २०१४ मध्ये आले आणि विंडोज १० मध्ये २०१५ पासून स्मृती-संकोचन अंतर्भूत झाले. कल्पना चुकीची नव्हती. विक्री चुकीची होती. डिस्क-कॅशेच्या बाबतीत हा विवेक विशेष महत्त्वाचा आहे.

बाहेरून बसविलेल्या कॅशेमध्ये आणखी एक दोष संभवतो. ती डिस्कच्या अगदी जवळच्या थरात, फाइलींऐवजी ब्लॉकच्या पातळीवर काम करते. त्यामुळे एकच माहिती प्रणालीच्या कॅशेतही राहते आणि या नव्या कॅशेतही. १६ जीबी रॅमच्या यंत्रात ही दुहेरी साठवण खपून जाईल; ४ जीबीच्या यंत्रात ती उधळपट्टी ठरते.

शिवाय रॅम ही विजेबरोबर पुसली जाणारी वस्तू आहे. लॅपटॉप सुरू करताना कॅशे पूर्णतः रिकामी असते. आपल्याला सर्वाधिक छळणारा काळ कोणता, असे कोणाही प्राध्यापकास विचारले तर तासाला जाण्यापूर्वी लॅपटॉप सुरू होण्याची वाट पाहण्याचा, हेच उत्तर मिळेल. नेमक्या त्याच वेळी रॅममधील कॅशे काहीही मदत करू शकत नाही, कारण प्रत्येक पान पहिल्यांदा डिस्कवरूनच यावे लागते.

रेडीबूस्टची मर्यादित प्रामाणिकता

या कुळातील रेडीबूस्ट हा उपाय काहीसा उपेक्षेने, काहीसा उपहासाने पाहिला गेला. माझ्या मते तो या साऱ्यांत अधिक विचारपूर्वक रचलेला होता. जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा ग्राहकांसाठी उपलब्ध झाली, तेव्हा ५१२ एमबी किंवा १ जीबी रॅमचे लॅपटॉप सर्रास होते आणि व्हिस्टाची भूक त्याहून मोठी होती. किमान २५६ एमबीचा पेन ड्राइव्ह लावला की त्यावर डिस्कवरील पानांच्या प्रती ठेवल्या जात.

पेन ड्राइव्ह तर हार्ड डिस्कपेक्षा मंद, मग त्याने वेग कसा वाढेल, हा आक्षेप त्या काळी नेहमी घेतला जाई. तो अर्धवट आहे. सलग मोठी फाईल वाचताना यूएसबी २.० वरील पेन ड्राइव्ह हार्ड डिस्कच्या मागे पडतो, हे खरे. परंतु विखुरलेली चार-चार केबीची पाने वाचताना त्याला शीर्ष सरकविण्याची गरज नसते आणि तेथे तो डिस्कला मागे टाकतो. रेडीबूस्ट हा भेद ओळखून मोठी सलग वाचने डिस्ककडे आणि लहान विखुरलेली वाचने फ्लॅशकडे पाठवी. पेन ड्राइव्ह स्वीकारण्यापूर्वी त्याची चाचणी घेतली जाई. चार केबीच्या विखुरलेल्या वाचनात सेकंदाला २.५ एमबी आणि ५१२ केबीच्या लेखनात १.७५ एमबी एवढा वेग नसेल तर तो नाकारला जाई.

त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी. पेन ड्राइव्हवरील प्रत कूटबद्ध असे, म्हणजे तो हरवला तरी माहिती उघडी पडत नसे. आणि पेन ड्राइव्हवर असलेल्या प्रत्येक पानाची मूळ प्रत डिस्कवर असेच. चालू यंत्रातून तो उपसून काढला तरी यंत्र मंदावेल, माहिती जाणार नाही. वेगाच्या मोबदल्यात विश्वासार्हतेला हात न लावणे, ही या रचनेची मर्यादा होती आणि हेच तिचे मोलही होते.

अर्थात लाभ मर्यादितच राहिला. रॅम २ जीबीच्या वर गेली की फरक जाणवेनासा होई आणि त्याच सुमारास रॅम स्वस्त होत गेली. इंटेलने २००७ मध्ये हीच कल्पना ‘टर्बो मेमरी’ या नावाने लॅपटॉपच्या आतच बसविली, तेव्हा एचपीसारख्या मोठ्या उत्पादकाने तिचा पुरेसा लाभ दिसत नसल्याने ती घेण्याचे नाकारले. मूळ डिस्कच एसएसडी असेल तर विंडोज रेडीबूस्ट बंद ठेवते. स्वतःची गरज कधी संपली हे ओळखणारे सॉफ्टवेअर विरळाच.

मोजमापाचा प्रश्न

कॅशेचे गुण सांगताना बहुधा वेगमापक चाचणीचे आकडे पुढे केले जातात. सॅमसंगने २०१३ मध्ये ८४० ईव्हो या एसएसडीबरोबर रॅपिड ही सोय दिली. तीत रॅमचा काही भाग कॅशे म्हणून वापरला जाई आणि चाचणीतील आकडे साटा जोडणीच्या सेकंदाला ६०० एमबी या कमाल मर्यादेच्या कितीतरी पलीकडे जात. येथे साधा प्रश्न विचारावयास हवा : जोडणीतून जे वाहूच शकत नाही, ते मोजले गेले कसे? उत्तर उघड आहे. चाचणी डिस्कची झालीच नाही, रॅमची झाली. चाचणीची फाईल कॅशेत मावण्याएवढी लहान असते आणि तीच पुन्हा पुन्हा वाचली जाते. प्रत्यक्ष कामात अशी स्थिती क्वचितच येते. एखाद्या विद्यार्थ्यास आधीच दिलेली प्रश्नपत्रिका पुन्हा सोडवावयास देऊन त्याचे गुण जाहीर करण्यासारखे हे आहे.

विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमधील ‘हार्ड फॉल्ट्स’चा आलेख, नेहमीचे काम चालू असताना पाच-दहा मिनिटे पाहणे, ही याहून साधी आणि अधिक बोलकी कसोटी आहे. तो सतत उंच असेल तर रॅमच अपुरी आहे आणि कॅशेला देण्यासारखे जवळ काही नाही.

‘जतन झाले’ याचा अर्थ

आता मूळ मुद्द्याकडे वळू. वाचन प्रणाली स्वतःच कॅशे करीत असताना या सॉफ्टवेअरने यंत्र ‘वेगवान’ झाल्याचा अनुभव अनेकांना येतो, तो केवळ भास नसतो. त्याचे कारण विलंबित लेखनात आहे. प्रायमोकॅशेमध्ये ही सोय स्वतंत्रपणे चालू करता येते. प्रोग्रामने डिस्कवर लिहिण्यास सांगितलेली माहिती रॅममध्येच ठेवावयाची, प्रोग्रामला ‘लिहून झाले’ असे कळवावयाचे आणि प्रत्यक्ष लेखन सवडीने करावयाचे, अशी ही पद्धत आहे. प्रणालीही थोडाफार विलंब करतेच. लिनक्समध्ये बदललेले पान सामान्यतः तीस सेकंदांनंतर लिहिण्यास पात्र ठरते. मात्र प्रोग्रामने ‘आत्ताच्या आत्ता लिही’ असा आग्रह धरला की प्रणाली तो पाळते. विलंबित लेखन करणारी बाह्य कॅशे हा आग्रहच मोडीत काढू शकते, कारण ती प्रणालीच्या खालच्या थरात बसलेली असते आणि तिचे ‘झाले’ हेच प्रणालीला डिस्कचे ‘झाले’ वाटते.

हा धोका काल्पनिक नाही. एमएस-डॉस ६.० मधील स्मार्टड्राइव्ह लेखन लांबणीवर टाकत असे आणि डॉसचे सूचकचिन्ह आधीच परत येई. काम संपले असे समजून वापरणारा यंत्र बंद करी. १९९३ च्या अखेरीस आलेल्या ६.२ आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने ही मूळ मांडणी बदलली : रॅममधील सर्व लेखन डिस्कवर गेल्यानंतरच सूचकचिन्ह परत येऊ लागले. २००९ मध्ये लिनक्सच्या एक्स्ट४ या नव्या फाइल प्रणालीत जागावाटपाला विलंब होत असल्याने, यंत्र अचानक बंद पडल्यास काही फाइली शून्य लांबीच्या होऊन बसत. प्रोग्रामने लेखनाचा स्पष्ट आग्रह धरावयास हवा होता, ही थिओडोर चाओ यांची तांत्रिक भूमिका बिनचूक होती. तरीही वापरणाऱ्यांच्या तक्रारींची दखल घेऊन त्यांनी काही प्रसंगांत हा विलंब टाळणारे बदल केले. अगदी अलीकडे, २०१८ च्या विंडोज १० आवृत्ती १८०९ मध्ये, बाह्य ड्राइव्हसाठी मूळ निवड ‘अधिक वेग’ ऐवजी ‘झटपट काढणे’ अशी करण्यात आली. वेग आणि खात्री यांच्यात निवड करण्याची वेळ आली तेव्हा या तिन्ही प्रसंगांत रचनाकार खात्रीकडे झुकले आहेत.

याउलट वेग वाढविण्याच्या सल्ल्यांत डिव्हाइस मॅनेजरमधील लेखन-कॅशेचा बफर रिकामा करणे बंद ठेवणारी चौकट निवडावी, असे हमखास सांगितले जाते. त्या चौकटीखालीच विंडोजने सूचना लिहिलेली असते : वीज गेल्यावरही बफर रिकामा करता येईल असा स्वतंत्र वीजपुरवठा नसेल तर ही निवड करू नये. लॅपटॉपला बॅटरी असतेच, असे यावर म्हटले जाईल. नव्या लॅपटॉपला ती असते. दहा-बारा वर्षांच्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा निकामी झालेली असते आणि तो चार्जरवरच, व्यवहारात डेस्कटॉपसारखा, चालत असतो. भारनियमन असलेल्या भागात किंवा वायरीला पाय लागताच तो क्षणात बंद होतो. ज्या यंत्राला विलंबित लेखनाचा मोह सर्वाधिक, त्याच यंत्राला त्याचे संरक्षण सर्वांत कमी, असा हा विपरीत योग आहे. अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांची एक्सेल फाईल ‘सेव्ह’ केल्यावर प्राध्यापकाने ती जतन झाली असे समजणे यात त्याची कोणतीही चूक नाही. त्या शब्दाचा अर्थ त्याला न सांगता बदलण्यात आला, ही खरी चूक आहे.

पर्याय आणि एक अपवाद

पर्यायांबाबत फार लिहिण्याची आवश्यकता नाही. २००६ नंतरच्या बहुसंख्य लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा हार्ड डिस्क असते आणि तिच्या जागी त्याच आकाराची एसएसडी बसते. जोडणी जुनी, सेकंदाला ३०० एमबीची असली तरी बिघडत नाही. कारण लाभ सलग वेगातला नसून विखुरलेल्या वाचनातला आहे, आणि ते सतरा मिलिसेकंदांवरून दशांश मिलिसेकंदाच्या आसपास येते. हा लाभ यंत्र सुरू होतानाही मिळतो. त्यानंतर जागा असेल तर रॅम वाढवावी. वाढलेल्या रॅमची कॅशे प्रणाली आपण होऊन करते, त्यासाठी वेगळे काही विकत घेण्याचे कारण नाही.

एका प्रसंगी मात्र रॅममधून काम करण्याची कल्पना जुन्या लॅपटॉपला खरोखर शोभते. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये पपी लिनक्स सुरू केले. त्याच्या जुन्या आवृत्त्यांचा आकार १०० एमबीच्या आसपास असे आणि रॅम पुरेशी असल्यास ती संपूर्ण प्रणालीच सुरुवातीला रॅममध्ये उचलून घेते. हार्ड डिस्क बिघडलेल्या किंवा काढून टाकलेल्या लॅपटॉपवरही ती पेन ड्राइव्हवरून चालते. येथेही लेखन विलंबितच आहे, कदाचित इतर कोठल्याही सॉफ्टवेअरहून अधिक. परंतु पहिल्यांदा यंत्र बंद करताना ती प्रणाली थांबते आणि हे सत्र जतन करावयाचे का, कोठे करावयाचे, हे विचारते. पेन ड्राइव्हवरून चालविताना पडद्यावर ‘सेव्ह’चे एक चिन्ह दिसते, ते दाबेपर्यंत किंवा ठरलेल्या कालावधीने आपोआप लेखन होईपर्यंत केलेले बदल रॅममध्येच असतात, आणि वापरणाऱ्याला ते ठाऊक असते.